चिवड्याच्या पुड्याखालचं पत्र

इंदिरानगर, नाशिक
रविवार, रात्री

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

उद्या सकाळी पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसून बॅग उघडशील तेव्हा चिवड्याच्या पुड्याखाली हे सापडेल. तोंडावर बोलायला मला जमलं नसतं. पाळी हा शब्द मी तुझ्यासमोर कधी काढलाच नाही. ‘आईच्या पोटात दुखतंय’ एवढ्यावरच तू मोठा झालास, त्यात चूक माझी.

काल जेवताना तू मृणालला म्हणालास, “काढून टाक ना पिशवी, एकदाची कटकट जाईल.” ती उठून भांडी घासायला गेली. बाई सकाळी येते, तरी.

गेले आठ महिने ती बँकेत काळ्या नाहीतर चॉकलेटी सलवारीतच जाते. पर्समध्ये एक जादाची असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तासाभरात पॅड भरतं, रुपयाएवढे रक्ताचे गोळे पडतात. रात्री चादरीखाली रबरी शीट घालते, तुझ्या लेकीच्या पाळण्यातली. शनिवारी येऊन सोमवारी जाणाऱ्याला हे कसं दिसणार? हिमोग्लोबिन 7.8 निघालंय. बाईचं निदान 12 तरी हवं.

मी तिच्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. त्यांनी चिठ्ठीच्या मागे पेरूसारखा आकार काढला, ही पिशवी म्हणाल्या. मग दोन गोल काढले, एक भिंतीत, एक आतल्या पोकळीत डोकावणारा. भिंतीतली गाठ 4 सेंटीमीटरची आहे, पण त्रास देतेय ती आतली, 2 सेंटीमीटरची. गाठ केवढी यापेक्षा कुठे आहे हे आधी बघायचं असतं, हे मला पासष्टाव्या वर्षी कळलं. बाहेरच्या अंगाला असली तर पुष्कळदा पत्ताही लागत नाही. शेजारच्या काकू ‘गाठ म्हणजे कॅन्सर’ म्हणून गेल्या होत्या. तसं फार क्वचित निघतं.

आधी रक्त भरून काढायचं. लोहाचं सलाईन ठरलंय, कारण गोळ्यांनी तिचं पोट बिघडतं. पाळीच्या दिवसांत ट्रानेक्झामिक ॲसिडच्या गोळ्या, तेवढ्या चार-पाच दिवसांपुरत्याच. त्यात हार्मोन नसतं, रक्तस्राव कमी होतो, गाठ मात्र तशीच राहते. रक्ताच्या गुठळ्या होण्याचा त्रास कधी झाला असेल तर त्या चालत नाहीत, म्हणून बाईंनी खोदून खोदून विचारलं. पिशवीत बसवायचं हार्मोनचं साधनही असतं, काही वर्षं काम देतं, पण आत गाठ डोकावत असली की ते सरकून पडू शकतं. गाठ आक्रसवणारी इंजेक्शनं थोडे महिनेच देतात. त्यांनी अंगातून वाफा निघतात, हाडं ठिसूळ होतात, आणि बंद केली की गाठ पुन्हा वाढते.

हिच्यासाठी बाईंना बरं वाटतं ते दुर्बिणीने आतली गाठ खालच्या वाटेने काढणं. पोटावर टाकाही नाही, पिशवी जागेवर. नव्या गाठी पुढे होऊ शकतात, तेही त्यांनी लपवलं नाही. गाठीचं रक्त तोडायचा एक उपाय आहे, पण पुढे मूल हवं असेल तर तो सहसा पहिला सुचवत नाहीत. दुसरं मूल नको असं मृणाल अजून म्हणालेली नाही. तू परस्पर ठरवलंस का?

पिशवी काढणं वाईट, असं नाही. सगळं करून थकलेल्या, मुलंबाळं झालेल्या बाईला त्याने सुटका मिळते. पण तो निर्णय तिचा. माझी 1999 साली काढली. मी एकोणचाळीसची, तू चौथीत. गाठी पाळी गेल्यावर आपोआप आक्रसतात, हे कुणी बोललं नाही. बीजकोशही काढले, ते तर घरी आल्यावर कागदावर वाचलं. तुझ्या बाबांनी सही केली होती. महिन्याभरात भर थंडीत मी पंखा लावून बसायचे, आणि तुम्ही दोघं हसायचात. 2014 ला पंचवटीत भाजी घेताना नुसती घसरले तर मनगट मोडलं. बीजकोश लवकर गेले की हाडं झिजतात, हे त्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पंधरा वर्षांनी.

2019 मध्ये बीडच्या ऊसतोडणीच्या बायकांच्या बातम्या आल्या होत्या, आठवतंय? पाळीत खाडा झाला तर मुकादम पैसे कापणार, म्हणून तरण्या बायकांनी पिशव्या काढून घेतलेल्या. त्यांनाही कुणीतरी असंच सांगितलं असेल, कटकट जाईल म्हणून.

दुर्बिणीचं काम पाळी संपल्यावर लगेच करतात, तेव्हा तारीख ऐन वेळी ठरेल. चार दिवसांची रजा आत्ताच बोलून ठेव. रिपोर्टचा फोटो तुझ्या मोबाइलवर पाठवलाय, दादर यायच्या आत वाच. आणि रात्री फोन मला नको, तिला कर.

तुझी आई