मोडी वाचून देणाऱ्या गुरुजींना

आदरणीय गुरुजी,
साष्टांग नमस्कार.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडच्या आदिवासी मुलांचे जातपडताळणीचे कागद आम्ही जुळवून देतो. ते काम तुमच्या भिंगाशिवाय पुढे सरकत नाही. हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही नेमकं काय करता ते कागदांसाठी वणवण करणाऱ्या इतर घरांनाही कळायला हवं.

जमातीचा दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराचीच, असं जातपडताळणीच्या 2000 च्या कायद्याचं कलम 8 सांगतं. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या नोंदीला सगळ्यात जास्त वजन. मग ज्याचा पणजोबा शाळेची पायरी चढला नाही, ज्याच्या नावावर सातबारा नव्हता, त्याने आणायचं काय? उरतं ते कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, जन्ममृत्यूची नोंदवही. 2 मार्च 1930 ला इथे पंचवटीत काळारामाच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. त्या साली पाड्यावर जन्मलेल्या पोराचा कित्येकदा तेवढाच एक कागद सापडतो. तोही जुन्या मोडी लिपीत.

तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करताना एकच साल टाकू नका, मागची-पुढची पाच-पाच वर्षं मागा, हे तुम्हीच शिकवलंत. घरी सांगितलेलं वय अंदाजाचं असतं. शिवाय जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव सहसा नसतंच. बापाचं नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, एवढंच. म्हणून नक्कल मागायची ती बापाच्या नावाने आणि वंशावळीत तो दुवा आधी पक्का करायचा.

नावांचीही गत तशीच. शाळेच्या दाखल्यावर सखाराम असतो, कोतवाल बुकात सख्या. तुम्ही देवनागरी लिप्यंतरात ‘सख्या’ जसंच्या तसं ठेवता आणि दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र करायला सांगता. पण समोर बसलेल्या नातीशी बोलताना म्हणता, “हे बघ पोरी, तुझे सखारामबाबा.” त्या पोरीचा चेहरा आम्ही पाहिलाय. गुरुजी, या एका शब्दासाठीही आभार.

ती ‘म’ची नोंद तर विसरता येणार नाही. मोडीत शब्द सुटे नसतात, वेलांटी-उकार ऱ्हस्व की दीर्घ ते कळत नाही, त्यात पान शिवणीत दबलेलं. ‘कोळी’च्या पुढे अर्धवट दिसणारं एक अक्षर. नुसतं ‘कोळी’ वाचलं असतं तर दावा लंगडा पडला असता. तुम्ही पान उजेडाकडे तिरकं धरायला लावून फोटो मागवला आणि ‘म’ निघाला. घरच्यांनी ‘महादेव’ लिहा म्हणून गळ घातली. तुम्ही ‘म’च लिहिलात. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत कोळी महादेव 29 व्या क्रमांकावर आणि कोळी मल्हार 30 व्या. अक्षर दोघांचंही तेच. बाकीचं त्याच भावकीच्या दुसऱ्या नोंदीतून शोधा, म्हणालात. तिसऱ्या खेपेला चुलत आजोबाच्या नोंदीत पूर्ण शब्द मिळाला.

ही शिस्त नसेल तर काय होतं ते आम्ही जाणतो. कुणी शाळेच्या रजिस्टरात ‘हिंदू’पुढे नव्या शाईने जमात घालून आणतो. पडताळणी समितीचं दक्षता पथक मूळ रजिस्टर काढून बघतं, शाई आणि हस्ताक्षर वेगळं दिसतं, आणि खऱ्या आदिवासी घराचा दावाही संशयात सापडतो. भावंडांचे अर्जही अडकतात. उलट, एक खरी नोंद नीट वाचली आणि एकाला वैधता प्रमाणपत्र मिळालं, तर वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या सगळ्यांना त्या प्रमाणपत्राचा आधार होतो.

लिप्यंतर मूळ नक्कलेला जोडून, प्रत्येक पानावर सही-शिक्का करून तुम्ही देता, आणि मजुरी करणाऱ्या घराकडून एक पैसा घेत नाही. निदान प्रवासखर्च तरी यापुढे आम्हाला करू द्या.

सुरगाण्याच्या दोन नक्कला आल्या आहेत. एकीची शाई फार फिकी आहे, तेव्हा यावेळी फोटो न पाठवता प्रमाणित प्रतच घेऊन येतो.

आपले,
कागद जुळवणारे आम्ही सगळे
नाशिक