सल्ला सुनेला, गुटी सासूच्या हातात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राज्यात १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) आढळले. बाळ कसे सांभाळायचे, हे दवाखाना घरी सोडताना त्या मुलीला सांगतो. पण सतरा वर्षांच्या सुनेला सासरी विचारतो कोण? बाळाला काय चाटवायचे ते सासू किंवा न्हाऊ घालणारी बाई ठरवते.

गुटीचेच बघा. सहाणेवर हळकुंड, बाळहिरडा, मुरुडशेंग, वेखंड, जायफळ उगाळायचे. सहाण नुसती विसळलेली, पाणी माठातले. जंतू तिथूनच पोटात जातात नि जुलाब लागतात. जायफळाचे वेढे जास्त झाले की बाळ गुंगते. घरच्यांना वाटते, गुणाचे आहे, शांत झोपते. मग दर दोन-तीन तासांनी ओढायचे दूध ते ओढत नाही. आईची छाती दाटते, दूध आटत जाते, नि ‘हिला दूधच नाही’ म्हणून वरचे दूध सुरू होते. कोवळ्या वयाच्या आईचे बाळ अनेकदा अडीच किलोच्या आत भरते. त्याला तर हे मुळीच सोसत नाही. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चमचाभरच मावते, म्हणून थेंबथेंब येणारा चीक त्याला पुरतो. सहा महिने गुटी, मध, पाणी काही नको.

नवजात बाळाची छाती फुगली की ती पिळतात. ती आईच्या संप्रेरकांमुळे फुगते आणि आपोआप ओसरते. पिळल्याने पू होऊ शकतो. नाकात सोडलेले तेल फुप्फुसात उतरू शकते. नाळेला हळद, राख लावू नये, ती कोरडीच राहू द्यावी.

सगळेच मोडीत काढायचे कारण नाही. सव्वा महिन्याची विश्रांती, डिंक-अळिवाचे लाडू राहू द्यावेत. घरभेटीला आलेल्या आशाताईंनी आल्याआल्या सगळ्यालाच नावे ठेवली तर सासू पुढचे ऐकणार नाही.

दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशाताईंच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या आहेत. यांत पाचवा दिवसही घ्यावा. पाचवीच्या पूजेला सासू, आजी, न्हाऊ घालणारी, शेजारणी अशा सगळ्या एका खोलीत असतात. तिथेच सर्वांसमोर बाळाचे वजन करावे आणि गुटीचा विषय काढावा. ऊसतोडीच्या हंगामात कोपीवर, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, बाळंत झालेल्या मुलीकडे तिच्या गावची आशा पोचू शकत नाही. ती भेट कारखान्याच्या गावच्या आशाकडे लेखी सोपवावी.

– एक आशा गटप्रवर्तक, बीड जिल्हा