नट बदलला की चित्रपटच बदलतो

मा. संपादक,

कोणती गाजलेली भूमिका आधी कोणाला देऊ केली होती आणि ती त्याच्या हातून कशी गेली, यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. माहिती रंजक होती, पण लेखाचा सगळा सूर नशिबाचा होता. एकाचे नशीब फळफळले, दुसऱ्याने पायावर धोंडा मारून घेतला. भूमिका म्हणजे जणू शिवून तयार ठेवलेला अंगरखा. हा नाही तर तो घालील. मला हे अजिबात पटत नाही. नट बदलला असता तर तोच चित्रपट दुसऱ्या चेहऱ्यानिशी आपल्यापुढे आला नसता, चित्रपटच निराळा झाला असता. आणि त्याचे कारण कोण चांगला नट आणि कोण सुमार, एवढेच नाही. प्रेक्षक त्या नटाच्या आधीच्या सगळ्या भूमिका मनात घेऊन थिएटरात बसतो. त्या आठवणींचे काय होते, हा खरा प्रश्न आहे आणि लेखात त्याला स्पर्शही नव्हता.

‘शोले’चे उदाहरण लेखात होतेच. गब्बरसाठी आधी डॅनी ठरले होते, फिरोज खान यांच्या ‘धर्मात्मा’च्या अफगाणिस्तानातल्या चित्रीकरणामुळे ते बाहेर पडले, मग सलीम-जावेद यांच्या आग्रहाने अमजद खान आले. हे आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. पण गब्बर पडद्यावर कसा येतो ते पुन्हा एकदा पाहावे. आधी दिसतात खडकावर येरझारा घालणारे बूट. हातातला पट्टा दगडावरून खरखरत जातो. समोर हात हलवत परत आलेले तिघे माना खाली घालून उभे. चेहरा मागाहून. ही सगळी मांडणी ज्याच्यासाठी केली आहे तो चेहरा ओळखीचा निघाला असता तर? १९७५ पर्यंत ‘मेरे अपने’ आणि ‘धुंद’मुळे डॅनी प्रेक्षकांना माहीत झाले होते. ते उत्तम नट, त्यांनी गब्बर ताकदीने केला असता यात मला शंका नाही. पण त्या क्षणी थिएटरात ‘अरे, हा तर डॅनी!’ अशी कुजबुज झाली असती. अमजद खानला बहुतेकांनी पाहिलेलेच नव्हते. ज्याच्याबद्दल काहीच माहीत नाही असा माणूस समोर आला की तो काय करील याचा अंदाज बांधता येत नाही, आणि गब्बरची निम्मी दहशत तिथेच आहे. पुढे दोनच वर्षांनी सत्यजित राय यांनी याच अमजद खानला ‘शतरंज के खिलाडी’त वाजिद अली शाह केले. गब्बर डोक्यात असलेला प्रेक्षक आता गाण्यात रमणारा, राज्य गमावणारा हळवा नवाब पाहत होता. राय यांना त्या आठवणीची अडचण वाटली नाही, हे मला फार मोठे वाटते.

मला मात्र सविस्तर लिहायचे आहे ते ‘सारांश’बद्दल, कारण तो आपल्या शिवाजी पार्कचा चित्रपट आहे. १९८४ चा, महेश भट्ट यांचा, राजश्रीची निर्मिती. निवृत्त मुख्याध्यापक बी. व्ही. प्रधान, त्यांची पत्नी पार्वती आणि न्यूयॉर्कमध्ये मारला गेलेला त्यांचा एकुलता मुलगा. प्रधानांची भूमिका अनुपम खेर यांच्याकडून काढून संजीव कुमार यांना द्यायचे घाटत होते. खेर मुंबई सोडायला निघाले, जाता जाता भट्ट यांच्या घरी जाऊन त्यांना तोंडावर वाटेल ते बोलले, आणि तो संताप पाहून भट्ट यांनी भूमिका त्यांच्याकडेच ठेवली. खेर यांनी ही हकिकत अनेकदा सांगितली आहे. ती सांगताना सगळे थांबतात ते ‘अठ्ठावीस वर्षांच्या पोराने म्हातारा केला’ या कौतुकावर.

पण वय हा मुद्दाच नव्हता. संजीव कुमार काही साठीचे नव्हते. पन्नाशीही त्यांनी पाहिली नाही. १९८५ मध्ये ४७ व्या वर्षी ते गेले. केस पांढरे करून म्हातारा करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. ‘शोले’तला ठाकूर, ‘त्रिशूल’मधला बाप, हे त्यांनी ऐन उमेदीत केले. नेमके म्हणूनच प्रधान त्यांचा झाला असता तर तो त्यांच्या थोर म्हाताऱ्यांपैकी एक ठरला असता. प्रेक्षक पहिल्या दृश्यापासून निर्धास्त असता, की हा माणूस मोडणार नाही. अनुपम खेर यांच्या प्रधानाबद्दल तशी कसलीही खात्री नव्हती. मुलाच्या अस्थी सोडवून घ्यायला प्रधान कस्टम्सच्या कचेरीत जातो ते दृश्य आठवा. तिथल्या कारकुनांच्या लेखी तो आणखी एक म्हातारा अर्जदार असतो, आणि प्रेक्षकाच्या लेखीही त्याला अजून नाव-गाव नसते. तो फुटतो तेव्हा आपल्याला एखादा मोठा नट रडताना दिसत नाही. आपल्या चाळीतले, आपल्या शाळेतले कोणी सर तिथे उभे असल्यासारखे वाटते. संजीव कुमार यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे, तरी हे त्यांच्याकडून झाले नसते असे मी ठामपणे म्हणेन. त्यात त्यांचा दोष काही नाही. आधीची थोरवी आड आली असती.

आता याच चित्रपटात उलटी गोष्टही घडते. पुढारी गजानन चित्रेच्या भूमिकेत निळू फुले आहेत. मराठी प्रेक्षकाने ‘सामना’ चित्रपटातला त्यांचा साखरसम्राट हिंदुराव पाहिलेला होता. त्यामुळे चित्रे नुसता पडद्यावर आला, की तोंड उघडण्याआधीच आपल्याकडच्या माणसाच्या पोटात गोळा येतो. लखनौच्या किंवा पाटण्याच्या प्रेक्षकाला तो निव्वळ एक मग्रूर राजकारणी. एकच चित्रपट, पण दादरला दिसला तो वेगळा आणि तिकडे दिसला तो वेगळा. भूमिकेला नट निवडताना किती दूरवरचा विचार लागतो हे यावरून कळावे.

‘प्यासा’बद्दल दोनच वाक्ये. कवी विजयची भूमिका गुरुदत्त यांनी आधी दिलीप कुमार यांना देऊ केली होती, आणि दिलीप कुमार यांचा ‘देवदास’ दोनच वर्षांपूर्वी येऊन गेला होता. त्यांनी विजय केला असता तर लोकांनी त्यात देवदासच पाहिला असता, कवी मागे पडला असता.

‘असे झाले असते तर’ हा खेळ चित्रपटात कल्पनेनेच खेळावा लागतो, पण आपण मराठी माणसे या बाबतीत भाग्यवान आहोत. रंगभूमीवर आपण तो डोळ्यांनी पाहिला आहे. डिसेंबर १९७० मध्ये ‘नटसम्राट’ आले ते डॉ. श्रीराम लागूंच्या गणपतराव बेलवलकरांना घेऊन. पुढे दत्ता भट उभे राहिले, सतीश दुभाषी उभे राहिले, यशवंत दत्त उभे राहिले. शिरवाडकरांची संहिता तीच, स्वगते तीच. तरी घराघरांत वाद झडले, आणि ते ‘कोण बरा’ एवढ्यावर थांबणारे नव्हते. एकाच्या बेलवलकरात दरारा उरतो, दुसऱ्याच्यात बाप आधी दिसतो आणि नट नंतर, अशा पातळीवर लोक बोलत. २०१६ मध्ये याच नाटकावरच्या चित्रपटात नाना पाटेकर आले आणि त्यांच्यासोबत त्यांचा सगळा जुना संतापही आला. नाटकाचा प्रेक्षक रिप्लेसमेंट पाहायला सरावलेला असतो, म्हणून नट बदलल्यावर नाटक कुठे सरकते ते त्याला नेमके सांगता येते. चित्रपटाबद्दल लिहिणाऱ्यांनी ही नजर रंगभूमीकडून घ्यायला हवी.

चित्रपटात याच्या जवळपास जाणारी गोष्ट म्हणजे रिमेक. ‘सैराट’मध्ये नागराज मंजुळे यांनी अकलूजची रिंकू राजगुरू घेतली. ट्रॅक्टर चालवत थेट परश्याच्या दारात येणारी आर्ची पाहताना ही मुलगी कोण, कोणाची, हे प्रेक्षकाला ठाऊक नव्हते. त्याला दिसत होती ती पाटलाची पोरगी. त्याचा हिंदी रिमेक ‘धडक’. त्याच्या नायिकेचे, जान्हवी कपूरचे घराणे, तिची आई, तिचे बालपण हे सारे चित्रपट लागण्याआधी वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचले होते. मुलीने मेहनत केली असेल, पण जिच्याबद्दल एवढे माहीत आहे ती जातीपायी जिवाला मुकेल ही भीती प्रेक्षकाच्या मनात रुजणार कशी? ‘फँड्री’साठी मंजुळे यांनी केम गावात हलगी वाजवणाऱ्या सोमनाथ अवघडेला निवडले, तेव्हाही त्यांना याची पुरती जाण होती.

हे सगळे आजच लिहावेसे वाटले, कारण मराठी चित्रपटांत दिवसेंदिवस उलटा कारभार वाढतो आहे. मालिकेतला लोकप्रिय चेहरा आधी ठरतो, समाजमाध्यमांवर त्याला मानणारे किती ते मोजले जाते आणि मग भूमिका त्याच्या मापाने कापली जाते. रोज रात्री साडेआठला जिला सोशिक सून म्हणून पाहिले, तिला शुक्रवारी पडद्यावर पोलीस अधिकारी म्हणून पाहताना प्रेक्षकाच्या मनातून ती सून जात नाही. निर्मात्याला आपण ओळखीचा चेहरा विकत घेतला असे वाटते. त्यासोबत काय काय आले याचा हिशेब कोणी करत नाही.

जगात या कामाची दखल घेतली जाऊ लागली आहे. ब्रिटनच्या बाफ्टा या चित्रपट अकादमीने २०२० पासून पात्रनिवडीसाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला आणि ऑस्करनेही २०२५ च्या चित्रपटांपासून तो द्यायचे ठरवले. आपल्या वृत्तपत्राकडून माझी अपेक्षा साधी आहे. दर शुक्रवारी येणाऱ्या चित्रपट परीक्षणात दिग्दर्शक, लेखक, छायालेखक यांच्या नावांसोबत पात्रनिवड कोणी केली तेही छापावे. आणि परीक्षकांनी ‘अमुकने भूमिकेला न्याय दिला’ एवढ्यावर न थांबता, तोच नट का आणि दुसरा कोणी असता तर चित्रपट कुठे गेला असता, यावर चार ओळी लिहाव्यात. हुकलेल्या भूमिकांच्या गोष्टी जरूर छापा, पण भट्ट यांच्यासारखे जे शेवटच्या घटकेला आपल्या नटाच्या पाठीशी उभे राहिले, सलीम-जावेद यांच्यासारखे जे अनोळखी नावासाठी अडून बसले, त्यांच्यावरही पुरवणीचे एखादे पान येऊ द्या.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली