गिरणीतल्या पेटीबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, गुडघा कसा आहे? फोनवर तुम्ही "बरा आहे" एवढंच म्हणता. आईकडून कळलं की जात्याच्या दगडाला छिन्नीने टाकी लावायला अजून तुम्ही स्वतःच बसता. त्याबद्दल समोरासमोर बोलू. आज जे लिहिते आहे ते दोघांनी मिळून वाचा आणि गिरणीतल्या मुलालाही वाचून दाखवा.

चाकणला आमच्या कंपनीत प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालं. आमच्या लाइनवरून माझं नाव गेलं होतं. १९४८ च्या कारखाना कायद्याने दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळायला शिकलेला माणूस, असं ठरवून दिलं. शिकवणारे हे सांगत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर आपली गिरणी येत होती. मोटर आहे, पट्टा आहे, थ्री-फेजची लाइन आहे, पावसाळ्यात ओल धरणारी भिंत आहे. पण माणसं तिघंच, त्यामुळे कायदा आपल्या उंबऱ्यापर्यंत येत नाही. पेटी कुठे आहे, असं तुम्हाला कोणी साहेब येऊन विचारणार नाही. म्हणून मी विचारते.

मला सगळ्यात जास्त धास्ती करंटची आहे. कोणी चिकटलं तर त्याला हात लावून ओढायचं नाही, हे आई, तुला आधी सांगते, कारण बाबांना काही झालं तर तू धावत जाऊन त्यांनाच धरशील. आधी मेन बंद. मेनपर्यंत जाता येत नसेल तर कोरड्या फळीवर उभं राहून कोरड्या लाकडाने त्या माणसाला वायरीपासून दूर करायचं. तो उठून "काही नाही झालं" म्हणाला तरी दवाखान्यात न्यायचंच. झटक्याने हृदयाचे ठोके बिघडलेले असू शकतात आणि ते बाहेरून दिसत नाहीत.

आणि तो उठलाच नाही तर? हाक मारून, खांदा हलवून बघायचं. ओ देत नाही, श्वास नाही, किंवा मधूनच आचके दिल्यासारखा घेतोय, तर तो खरा श्वास मानायचा नाही. एकाने १०८ ला फोन लावायचा, दुसऱ्याने छाती दाबायला घ्यायची. माणसाला जमिनीवर उताणं, छातीच्या मधोमध तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपर ताठ. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. आमच्या डमीत पुरेसं दाबलं की आतून टक असा आवाज यायचा. तो आवाज यायला किती जोर लागतो, हे स्वतः दाबल्याशिवाय कळत नाही. दोन मिनिटांत हात भरून येतात, म्हणून माणसं आलटून पालटून लागतात. तोंडाने श्वास द्यायला जमलं नाही तरी नुसतं दाबत राहायचं. बरगडी मोडेल, परका पुरुष आहे, लोक काय म्हणतील, यातलं काहीही त्या वेळी मनात आणू नकोस, आई. ठोके थांबले की चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. पाटणहून गाडी निघाली तरी ती आपल्या वळणांवरून वर येईपर्यंत जे काही करायचं ते तुमच्याच हातांनी होणार आहे.

पट्ट्याला जाळी बसवा. बाबा, गळ्यातला टॉवेल गिरणी सुरू असताना खुंटीला राहू द्या, आणि आई, दळण ओतताना पदर खोचलेला असू दे. बोट कापलंच तर हळद किंवा चहाची पूड भरायची नाही. तू मायेनेच लावतेस, मला माहीत आहे, पण त्याने जखमेत घाण जाते आणि डॉक्टरांना ती धूत बसावी लागते. स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, भिजलं तर ते न काढता वर दुसरं ठेवायचं. बोट तुटून वेगळं झालं तर तो तुकडा ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फात. तुकड्याला बर्फ थेट लागला तर तो जोडण्याच्या कामाचा राहत नाही. टाकी लावताना दगडाची कपची डोळ्यात गेली तर चोळू नका, पाण्याने धुवा. रुतली असेल तर डोळ्यावर नुसतं झाकण ठेवून थेट दवाखाना. बाबांसाठी मी चष्मा घेतलाय, तो लावूनच बसायचं.

पेटी पार्सलने पाठवते आहे. तिच्यात निर्जंतुक गॉज, रोलर बँडेज, चिकटपट्टी, कात्री, हातमोजे आहेत. तिला कुलूप लावायचं नाही. दाराजवळ, हाताला येईल अशा उंचीवर टांगा, पीठ बसणार नाही असं बघा.

वायरमनला बोलावून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. करंट गळायला लागला की तो क्षणात लाइन तोडतो. खर्च मी देते, त्यावर बाबांनी वाद घालू नये. तो येईल तेव्हा आई, तूही तिथे उभी राहा आणि मेन कसा पाडायचा ते स्वतःच्या हाताने दोनदा करून बघ.

तुमची,
ताई