येळवसेला दुर्बीण घेऊन ये

औसा,
कार्तिक वद्य दशमी

प्रिय दत्ता,

मुक्ता आठवीत गेली आणि तिला दुर्बीण हवी आहे, याहून चांगली बातमी या वर्षात मला कुणी दिली नाही. फोनवर सगळं धड सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तू पाठवलेल्या फोटोत खोक्यावर ‘675 पट’ असं ठळक छापलंय. ती दुर्बीण घेऊ नकोस. बघायचा तो आधी भिंगाचा किंवा आरशाचा व्यास. किती पट मोठं दिसेल, ते आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, बदलून कितीही वाढवता येतं. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला (भिंग किंवा आरसा जिथे किरण एकत्र आणतो तिथपर्यंतच्या अंतराला) आयपीसच्या नाभीय अंतराने भागायचं, एवढाच हिशेब. 650 मिलिमीटरच्या दुर्बिणीला 25 चा आयपीस लावला तर 26 पट, 10 चा लावला तर 65 पट. पण उजेड गोळा करायचं काम व्यासाचं. व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपर्यंतच मोठेपणा कामाचा असतो. 76 मिलिमीटरच्या आरशाकडून 675 पट मागितलं, तर गुरूच्या जागी नुसता धुरकट डाग दिसेल आणि पोरगी दुसऱ्या दिवशी दुर्बीण माळ्यावर टाकेल. मी 130 मिलिमीटरची सुचवीन. अंधारात आपली बाहुली फार तर 7 मिलिमीटर उघडते, म्हणजे हा आरसा डोळ्यापेक्षा सुमारे 345 पट उजेड धरतो.

बैठक डॉब्सोनियन घे. ही बैठक ज्याच्या नावाने ओळखली जाते तो जॉन डॉब्सन रामकृष्ण परंपरेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात 1944 पासून संन्यासी होता. पुठ्ठ्याच्या नळ्या, प्लायवूड, जहाजाच्या खिडक्यांच्या जाड काचा असल्या साहित्यातून तो दुर्बिणी करायचा आणि रस्त्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवायचा. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. त्याच्या बैठकीत मोटर नाही, किचकट स्क्रू नाहीत; हाताने ढकलायची, वर-खाली आणि डावी-उजवीकडे. स्वस्तातल्या दुर्बिणींचे लटपटते तिपाई स्टँड मात्र टाळ. नुसता श्वास लागला तरी तारा थरथरतो.

एक गोष्ट मुक्ताला पहिल्याच दिवशी, अगदी दरडावून सांग. सूर्याकडे दुर्बीण वळवायची नाही. दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला खास सौर फिल्टर नसेल तर क्षणात डोळा कायमचा जातो. दिवसा दुर्बीण अंगणात उभी ठेवू नकोस, शेजारची लेकरं येतात. फाइंडर, म्हणजे नेम धरायची बाजूची छोटी दुर्बीण, जुळवायचा तो मात्र दिवसाच: सूर्याकडे पाठ करून लांबची पाण्याची टाकी नाहीतर देवळाचा कळस धर. आरशाच्या दुर्बिणीत तो कळस उलटा दिसेल. आकाशात वर-खाली काही नसतं, त्यामुळे त्याने काही बिघडत नाही.

नांदेडच्या घरी तुम्ही गच्चीवर लावणार, हे मला ठाऊक आहे. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतो; त्या हवेतून ग्रह लकाकतो, स्थिर दिसत नाही. शक्य तेव्हा अंगणात लावा. आणि वापरायच्या आधी अर्धा तास दुर्बीण बाहेर निवू द्या. आरशावर धूळ बसणारच, आपल्याकडे ती कुठे चुकते? पण फडक्याने पुसू नका. थोड्या धुळीने चित्र बिघडत नाही, ओरखड्याने कायमचं बिघडतं.

पहिली रात्र चंद्राची ठेवा, पण पौर्णिमेची नको. तेव्हा ऊन सरळ पडतं, सावल्या नसतात, सगळं सपाट वाटतं. शुद्ध अष्टमीच्या आसपास उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर बघा. विवरांच्या कडा उजळलेल्या, पोटात काळोख. दशमीच्या सुमारास कोपर्निकस नावाचं विवर दिसेल. त्याचा व्यास सुमारे 93 किलोमीटर आहे, हे मुक्ताला विवर दाखवतानाच सांग. बाकी वेळापत्रक घरातल्या कॅलेंडरवर आहेच. संकष्टीचा चंद्रोदय आपण उपास सोडायला बघतो. आकाश बघणाऱ्याने तोच आकडा वेगळ्या कामासाठी वाचायचा. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो, म्हणजे संकष्टीनंतर अमावास्येपर्यंत संध्याकाळी काळोख आपला.

आता मृगाचं. आपल्याकडे मृग म्हटलं की पेरणी आठवते, आभाळातलं नक्षत्र आठवत नाही. जूनच्या सात-आठ तारखेला सूर्यच त्या नक्षत्रात जातो, मग ते दिसणार कसं? दिसतं ते हिवाळ्यात, ज्वारी पोटऱ्यात आल्यावर. रोहिणी, मृग, आर्द्रा: आपल्या बापजाद्यांनी ज्या नावांवर पाऊस मोजला, ती तिन्ही तेव्हा पूर्वेला एका नजरेत मावतात. किल्लारीच्या भूकंपानंतर, 1993 साली, आपली अख्खी गल्ली उघड्यावर झोपायची ते तुला आठवतंय ना? कुणाला झोप नसायची. तुझे आजोबा पहाटे मृगाच्या मधल्या तीन चांदण्यांकडे बोट करून म्हणायचे, “तिकांडं डोक्यावर आलं, आता उजाडंल.” त्याच तिकांड्याच्या जरा दक्षिणेला एक पुसट ठिपका आहे, तो मृगातला तेजोमेघ, वायू आणि धुळीचा ढग. 25 चा आयपीस लावून तिथे बघ. करडं धुकं दिसेल आणि त्यात चार बारीक तारे चिकटून बसलेले. छायाचित्रातला गुलाबी रंग दिसणार नाही, हे मुक्ताला आधी सांग. तिथे तारे जन्मताहेत. तो उजेड सुमारे 1,350 वर्षांपूर्वी निघाला, म्हणजे वेरूळचं कैलास लेणं कोरायला घेण्याच्याही आधी. थेट रोखून न बघता नजर जरा बाजूला ठेवली की धुकं जास्त पसरलेलं दिसतं, कारण अंधुक उजेड टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मध्यबिंदूवर नसतात, त्याच्या भोवती असतात.

आपण इतके दक्षिणेला आहोत याचंही मोल ओळख. लातूरहून ध्रुवतारा जेमतेम 18 अंशांवर दिसतो, पण त्या बदल्यात दक्षिणेचं केवढं आकाश मिळतं! मे महिन्यात नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ आपल्या क्षितिजापासून 24 अंश वर येतो. त्यात जवळपास एक कोटी तारे आहेत. लंडनच्या माणसाला तो कधीच दिसत नाही.

म्हणून येळवसेला, मार्गशीर्ष अमावास्येच्या आपल्या रानातल्या सणाला, सगळे रानात या. अमावास्या, कोरडी हवा, सगळी माणसं शेतात. दुपारी भज्जी, आंबील, उंडे. जेवण झाल्यावर कडब्याच्या कोपीच्या सावलीत झोप काढा, कारण रात्री जागायचंय. दुर्बीण खळ्यावर लावू, जमीन तिथे टणक आहे. आठच्या सुमारास देवयानी तारकासमूह माथ्यावर असेल. त्यातली दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह, आधी नुसत्या डोळ्यांनी शोधू. 25 लाख प्रकाशवर्षं दूर आहे, तरी आपल्या रानातून दिसते. मग कृत्तिका, मग मृग. दहा वाजता आग्नेयेला अगस्त्याचा तारा वर आलेला असेल.

बॅटरीला लावायला लाल काचकागद आण. पांढऱ्या उजेडाने डोळे दिपले की पुन्हा अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं जातात, आणि फोनही त्या वेळेपुरते खिशात ठेवावे लागतील, तुझासुद्धा. दुर्बीण मांडीवर घेऊन ये, डिकीत टाकू नकोस. औशापासून पुढचा रस्ता खराब आहे. वहिनींना थंडीचे कपडे जास्त घ्यायला सांग. दुर्बीण त्याआधी आली नाही तरी या, माझी दुर्बीण आहेच.

तुझा,
रमेश