हळद सेंद्रिय करायची म्हणतोस तर...

प्रिय सुनील,

तुझं पत्र मिळालं. नोकरी सांभाळून गावाकडच्या दोन एकरांत सेंद्रिय हळद करायची म्हणतोस, वाचून फार आनंद झाला. पण आधी इथलं सगळं ऐक.

पिकाला घाबरू नकोस. बेणं ट्रायकोडर्मात, म्हणजे रोग रोखणाऱ्या मित्रबुरशीत बुडवून लावायचं, लागणीआधी मेंढ्या बसवायच्या, निंबोळी पेंड द्यायची. आपल्या काळ्या रानात कंदकूज येते ती पाणी साचल्यामुळे. तेव्हा गादीवाफा हवाच. ऑगस्टपासून कंदमाशी दिसायला लागते. एरंडीचं बी भरडून मडक्यात पाण्यात आंबवून ठेवतो आम्ही. त्या वासाला माशी येते आणि बुडते. सकाळी काठीनं ढवळलं की डासासारख्या, पण मोठ्या काळसर माश्या वर येतात. इतकं समाधान वाटतं म्हणून सांगू!

खर्च जातो भांगलणीत. तणनाशक बंद, आणि भर पावसात बायामाणसं मिळत नाहीत.

सगळ्यात जड जातात ती मधली वर्षं. खत-औषध सोडलं की उतारा घसरतो आणि नेमकं तेव्हाच हातात प्रमाणपत्र नसतं. निर्यातीच्या प्रमाणपत्रासाठी हळदीसारख्या हंगामी पिकाला 2 वर्षं थांबावं लागतं, मिरी-जायफळाला 3. देशातच विकायची असेल तर पीजीएस, म्हणजे शेतकऱ्यांच्या गटानंच एकमेकांची हमी द्यायचं प्रमाणपत्र, स्वस्त पडतं. किमान 5 शेतकऱ्यांचा गट करायचा आणि एकमेकांची रानं तपासायची. आमचा गट त्यातच आहे. शेजारच्या रानातलं औषध उडून येऊ नये म्हणून बांधाला शेवरी लावलीय आणि शेजारी फवारणीआधी फोन करतो. तो बिचारा भला आहे, पण वाऱ्याला कोण अडवणार?

आता सौद्याचं. तिथं हळकुंड मोडून बघतात. रंग आणि जाडी बघून बोली लागते. सेंद्रियचा ढीग वेगळा नाही. पॉलिशच्या ढोलात रंग न मारलेला आपला माल फिका दिसतो आणि भाव तुटतो. याचा मला खरंच राग येतो. काही ठिकाणी चमक यावी म्हणून हळदीत लेड क्रोमेट मिसळल्याचं उघड झालंय. ते विष आहे रे, आणि लोक पोरांच्या दुधात हळद घालतात! 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानं नाव झालं. पण मानांकनाची हळद सेंद्रिय असतेच असं नाही, हे गिऱ्हाइकाला दरवेळी समजावून सांगावं लागतं.

तरी मागणी वाढतेय. पुण्यातली काही घरं वर्षाची हळद आमच्याकडूनच नेतात, कुटून, डब्यात भरून. त्या भावात मजुरी निघते आणि वर काही उरतंही. म्हणून म्हणतो, आधी गिऱ्हाईक बांध. तुझ्या सोसायटीतूनच सुरुवात कर.

पहिल्या वर्षी अर्धा एकरच लाव, उरलेल्या रानात हिरवळीचं खत म्हणून ताग गाड. मातीचा नमुना आत्ताच तपासायला दे. बेणं माझ्याकडचं ने, तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवतो. अक्षय तृतीयेच्या आत ये मात्र.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दत्ता