बेळगावच्या उद्यमबागमधल्या अण्णांना, चार चाकांबद्दल

अण्णा, सप्रेम नमस्कार.

आमच्या इंजिनाची चाकं दुरुस्त केल्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत आणि सत्काराचं नाव काढलं की फोन ठेवता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. रागवायचं तर रागवा.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. आमचं इंजिन लहान, दोन फुटी गेजचं, वाफेचं, चारच चाकांचं. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारातून सोडवून आणलेलं. आम्ही रविवारची मंडळी खानापूरकडच्या एका शेतात गोल रुळावर ते चालवतो. यंदा ते रुळांच्या सांध्यावर उचक्या द्यायला लागलं. पुढच्या उजव्या चाकाची फ्लँज (चाकाला रुळावरून उतरू न देणारी कड) झिजून धारदार झाली होती, आणि अशी फ्लँज सांध्यात रुळावर चढली की गाडी घसरलीच. दोन ठिकाणी विचारलं. एक म्हणाला, नवीन चाकं करा. दुसरा म्हणाला, वेल्डिंग मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा.

हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात मीटरगेजची चाकं टर्न करण्यात, म्हणजे लेथवर कातून आकारात आणण्यात, तुमची सगळी नोकरी झाली. तुम्ही आलात ते छोटी हातोडी घेऊन. प्रत्येक टायरवर, म्हणजे चाकावर बसवलेल्या पोलादी कड्यावर, ठोकून कान दिलात. आवाज खणखणीत असेल तर टायर घट्ट, बद्द आला तर सैल. पोरांना समजावं म्हणून बैलगाडीच्या धावेचं उदाहरण दिलंत: टायरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, चाकाच्या व्यासापेक्षा हजारात साधारण एक भाग कमी ठेवायचा, टायर तापवून फुगवायचा, निवला की तोच आवळतो. चारही चाकं खणखणीत वाजली तेव्हा कुठे चाकाचा आकार तपासायचं पत्र्याचं टेम्प्लेट काढलंत.

आमच्यातल्या काहींचं म्हणणं होतं, एकच चाक खराब आहे तर तेवढंच करू. तुम्ही साइड रॉडकडे, म्हणजे चाकांना जोडणाऱ्या दांड्याकडे, बोट दाखवलंत. "चारी चाकं हेच्यानं बांधलेली हाईत की. एक लहान झालं तर ते घसरतच फिरणार, आणि ताण सगळा पिनांवर." म्हणजे सगळ्यात झिजलेल्या चाकाच्या मापाला बाकीची तीन आणायची. काम चौपट, आणि तेही तुमच्या पुतण्याच्या लेथवर, सुट्टीच्या दिवशी, कामगारांना चहा तुमच्याच खिशातून.

पहिला कट मला अजून दिसतो. रुळावर घासून चाकाचं कातडं कडक झालेलं असतं. वरवर पातळ कट घेतला तर टूलच मरतं. तुम्ही टर्नरला कातड्याच्या खालून कट घ्यायला लावलात. निळी बुर, म्हणजे धातूची साल, वळत वळत ट्रेमध्ये पडत होती. तुम्ही "साकु" (कानडीत "पुरे") म्हणेपर्यंत तो थांबायचा नाही, आणि तुम्ही साकु म्हणायला फार वेळ लावता! ट्रेडला, म्हणजे चाकाच्या रुळावर टेकणाऱ्या भागाला, एकास वीस उतार ठेवलात. तोच उतार सरळ रुळावर चाकांना आपोआप मध्ये आणतो आणि वळणावर वळायला मदत करतो, म्हणून फ्लँजवर कमी घासतं. दोन सूत माल गेला, पण टायरमध्ये अजून पुरेसा शिल्लक आहे हे मापून दाखवलंत.

पण खरे आभार एका प्रश्नाचे. चाकं टेम्पोत चढवताना तुम्ही सहज विचारलंत, "रोज एकाच बाजूनं फिरवताय काय रे?" हो, डावीकडेच वळत. म्हणून तर बाहेरचं पुढचं उजवं चाकच झिजत होतं. ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आली नव्हती, आणि पुन्हा तसंच चालवलं असतं तर तुमची सगळी मेहनत थोड्याच दिवसांत वाया गेली असती.

आता दर हंगामात इंजिनाचं तोंड फिरवायचं ठरलंय, आणि वळणावर बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला ग्रीस. तोंड फिरवायला इंजिन उचलावं लागेल, त्याला चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) लागेल. तो तुमच्याकडेच आहे, अण्णा, त्यामुळे दिवाळीनंतर पुन्हा त्रास द्यायला येतोय. मिठाई म्हणून कुंदा आणू, पण तुमची शुगर आहे म्हणून तो पुतण्याच्या हातात देऊ.

आपला,
रविवारच्या मंडळींतला एक